दौलूमामांची हातबोशी

आमच्या नाटकाच्या चौथ्या प्रयोगाला, दुसरा अंक संपल्यावर, दौलूमामा रंगपटात घुसले, शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला आणि कांबळे सरांची दाढी मोजली. आधी डावी बाजू, मग उजवी. व्हर्नियर म्हणजे लेथवरच्या कामाचं माप घ्यायची जबडेवाली पट्टी. लोक खिशाला पेन लावतात, दौलूमामा व्हर्नियर लावायचे. सर डोळे मिटून बसले होते, त्यांना वाटलं रंगभूषावालाच काहीतरी करतोय. मोजून झाल्यावर मामा दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "सर, दाढी सुतात न्हाय. डावीकडं दोन सूत खाली आलीया."

मी शेजारच्याच खुर्चीत केसांना पांढरं लावत बसले होते. माझा अंबाडा सुतात आहे का, हे काही त्यांनी विचारलं नाही. सांगूनच टाकते. त्या नाटकात मी कांबळे सरांची बायको होते. तीन अंकांत त्यांच्याबरोबर मीही म्हातारी होत गेले. दौलूमामांनी त्या नाटकाचे बावीस प्रयोग पाहिले आणि मला एकदाही पाहिलं नाही. आणि हा माणूस माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. आमच्या ह्यांना वाटतं मी हे विसरले असेन. मी विसरलेले नाही.

दौलूमामा पेशानं टर्नर. उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे दोन लेथ होते. एकावर ते स्वतः काम करायचे आणि दुसऱ्यावर कापड झाकलेलं असायचं. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोन भाग केले होते, सुतात हाय आणि सुतात न्हाय. भाकरी कडेला जाड झाली तर सुतात न्हाय. जावई उंबऱ्यावर बसून बोलला तर सुतात न्हाय. एकदा गल्लीत नगरसेवकानं भाषण केलं, ते संपल्यावर मामा एवढंच म्हणाले, "माणूस बरा हाय, पर चकात नीट बसलेला न्हाय." लेथचा चक म्हणजे काम घट्ट धरून फिरवणारा पंजा. नगरसेवकाला ते कळलं नाही म्हणून बरं.

नाटकाचा तर त्यांना तिटकारा. आम्ही हौशी मंडळी, कुणी शाळेत, कुणी बँकेत, मी टेलिफोन खात्यात. पहिल्या प्रयोगाला सभागृह रिकामं दिसू नये म्हणून मी गल्लीभर पास वाटले. मामा म्हणाले, "रडायला तिथवर कशाला जायाचं? घरात काय कमी हाय?" मामींनी ओढत आणलं. पहिल्या अंकात ते झोपले, तेही आवाज करून. माझं एक मोठं वाक्य होतं त्या अंकात, ते त्या घोरण्यात गेलं.

नाटकाचं नाव 'शनवारची वात'. आमच्यातल्याच एका वकिलानं लिहिलेलं. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू कुटुंबाची गोष्ट. पिढ्यानपिढ्या तेलाचा घाणा चालवणारं घर. शनिवारी यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरचा कर्ता हसाजी. पहिल्या अंकात तो नवा नवरा, दुसऱ्यात बाप, तिसऱ्यात सत्तरीचा आबा. त्याचा मुलगा बनजी स्वातंत्र्यानंतर आगबोटीत बसून इस्रायलला निघतो, आणि घाणा सोडून निघालेल्या पोराला आबा निरोप द्यायला तयार नसतो. एवढंच नाटक.

पण कांबळे सर ते जे काही करायचे, ते बायकोच्या भूमिकेत दोन हातांच्या अंतरावरून बघताना मीसुद्धा माझी वाक्यं विसरायची. सर उचगावला राहायचे, शाळेत गणित शिकवायचे. घरात बुद्धाची मूर्ती, फळीवर गणिताची पुस्तकं, दारात स्कूटर. ज्यू माणूस त्यांनीही आधी कधी पाहिला नव्हता. तर रजा काढून हा माणूस कोकणात गेला आणि एका म्हाताऱ्या बेने इस्रायली गृहस्थाच्या ओसरीवर आठ दिवस बसून आला. परत आल्यावर तालमीत त्यांनी आम्हाला दार दाखवलं. त्या लोकांच्या दाराच्या चौकटीला देवाच्या वचनाची छोटी डबी ठोकलेली असते, आत-बाहेर करताना तिला बोटं लावून ओठांना न्यायची. पहिल्या अंकात सर ती डबी पळता पळता स्पर्श करून जायचे. दुसऱ्यात हात आपसूक जायचा, लक्ष भलतीकडंच. तिसऱ्यात त्यांना ती चाचपावी लागायची. तीन अंकांचं वय त्या एका हातात यायचं. मागच्या वर्षी याच माणसानं फार्सात हवालदार केला होता आणि त्याच्या आधी एक खाष्ट सासू. सासूच्या वेळी माझ्या आईनं मला विचारलं होतं, "त्या बाईंना किती मुलं?"

आणि शेवटी हातबोशी. ही त्यांच्यातली रीत. प्रार्थना झाली, सण झाला, निरोप घ्यायचा झाला की दोन्ही हात पुढं करायचे. समोरच्यानं ते आपल्या तळव्यांत घ्यायचे आणि सोडताना आपापली बोटं ओठांना लावायची. बनजी निघताना हात पुढं करतो. आबाचे हात पाठीमागं. सर तिथं थांबायचे. सभागृहात कुणी खोकायचं नाही. मग ते हात हळूहळू पुढं यायचे.

मामा तिसऱ्या अंकात जागे झाले होते. पडदा पडला, लोक उठले, मामी उठल्या, मामा बसूनच. झाडूवाला आला तेव्हा उठले. घरी जाताना रिक्षात मी वाट बघत होते की आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "नऊ आकडे."

"काय नऊ आकडे?"

"हात पुढं याया नऊ आकडे लागलं. म्या मोजलं."

तिथून जो नाद लागला, तो लागलाच. इचलकरंजी, गडहिंग्लज, सांगली, जिथं प्रयोग तिथं मामा एसटीनं हजर. जागा ठरलेली, तिसरी रांग, उजवं टोक. तिथं कुणी बसलं असेल तर खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "पावणं, उठा की जरा. हितनं हात दिसत्यात." पावणं घाबरून उठायचे. प्रयोगानंतर मामा रंगपटात. "सर, आज सातच झालं. गडबड केलासा." सर गणिताचे, त्यांना या हिशेबाचा राग यायचा नाही. "शेवटची एसटी चुकंल म्हणून लोक उठायला लागले होते, मामा." "लोकांचं सोडा. म्हातारं सात आकड्यात वितळत न्हाय."

एकदा शनिवारी मामा सरांच्या घरी गेले. सर जेवत होते. ताटात मटण, वाटीत दह्यातली कोशिंबीर. दुसऱ्या अंकात हसाजी मला दटावतो, मटणाच्या ताटाजवळ दही नको, आपल्यात चालत नाही. मामा दारातच थबकले.

"सर, दही?"

"अवो दौलूमामा, मी कांबळे."

"त्ये हजेरीपटावर," मामा म्हणाले, आणि कोशिंबिरीची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. कांबळेवहिनी हसून हसून दारात बसल्या. सरांनी मात्र त्या दिवशी कोशिंबीर खाल्ली नाही. मला म्हणाले, "कुणी इतकं खरं मानलं की आपल्यालाच चोरी वाटते हो."

मग मामांनी शनिवारी लेथ बंद ठेवायला सुरुवात केली. उद्यमनगराला सुट्टी सोमवारी, तेव्हा हे दोन दिवस घरात. गिऱ्हाईक ओरडलं तर उत्तर एकच, "हसाजी आबाचा घाणा शनवारी बंद, माझं मशीन बी बंद." मामी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "सुमे, तुझ्या नाटकानं माझं वाटोळं केलं बघ. ह्यो माणूस आठवड्यातनं दोन दिस घरात. भाजी चिरून दिली तर फोडी मोजतोय." पुढची पायरी हातबोशी. गल्लीत जो भेटेल त्याच्यापुढं हात. पेपरवाला पेपर ठेवायचा त्या हातांवर. दूधवाला बिचारा दोन्हीकडं कॅन घेऊन उभा, "मामा, हात गुतल्यात की." मामा म्हणायचे, "ठेव की खाली. दूध काय पळून जातंय?"

आम्ही हसायचो. मीही हसायची, उगीच साळसूदपणा कशाला दाखवू. पण एक गोष्ट होती, तिचा आणि नाटकाचा संबंध माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

मामांचा मुलगा सुनील चार वर्षांपूर्वी मस्कतला गेला होता, हॉटेलात. दुसरा लेथ त्याच्यासाठी घेतलेला. मी टेलिफोन खात्यात, त्यामुळं गल्लीतला पहिला फोन आमच्याकडं. दर शुक्रवारी संध्याकाळी सुनीलचा फोन यायचा. मामी पदर खोचून पळत यायच्या. मामा आमच्या कट्ट्यापर्यंत यायचे, पुढं नाही. फोन संपला की मला विचारायचे, "लाईन सुतात हाय न्हवं?" मी म्हणायची, हो. मग घरी जायचे. चार वर्षांत त्यांनी मुलाबद्दल विचारलेलं एवढंच.

मग सुनील पंधरा दिवसांच्या रजेवर आला. बापलेक एका घरात आणि बोलणं सगळं मामींच्या मार्फत. "त्याला सांग पाणी तापलंय." "त्यांना सांग, मी आंघोळ केली." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. सुनीलनं बापासाठी तिकडून नवा व्हर्नियर आणला होता, रेघांच्या ऐवजी आकडे दाखवणारा, सेलवरचा. तो डबीतच राहिला. चौदाव्या दिवशी मामी माझ्याकडं आल्या आणि चहा पुढं ठेवला तरी प्यायल्या नाहीत.

"उद्या सकाळच्या गाडीनं चाललाय पोरगा. हे पुन्यांदा तसंच करणार. तू तरी सांग गं त्यास्नी."

"तसंच म्हणजे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा निघाला त्या दिवशी सुनील शेडवर गेला होता, पाया पडायला. मामांनी वळून बघितलं नाही. जॉब चढवलाय, मशीन बंद करता येत न्हाय, असं म्हणाले. लेथवर कातायला धरलेल्या तुकड्याला ते जॉब म्हणायचे. पोरगं पाठीमागं उभं राहिलं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि गाडीची वेळ झाली तसं निघून गेलं. मामी त्याच्याबरोबर होत्या.

"म्या वळून बघितलं, सुमे. चकात जॉबच न्हवता. मशीन रिकामंच फिरत हुतं."

मी तशीच शेडवर गेले. मामा दुसऱ्या लेथवरचं कापड काढून तो पुसत होते. चार वर्षांत न चाललेलं मशीन, त्यावर धूळ ती किती. मी आडवळणं घेतली नाहीत. म्हटलं, "मामा, उद्या स्टेशनवर जायचं."

ते पुसत राहिले. मग म्हणाले, "सुमन, नऊ आकडे लई हुत्यात गं. सर कसं थांबत्यात? हात जरा बी थरथरत न्हाईत त्यांचं."

आता हे मात्र मलाच माहीत होतं. बावीस प्रयोग तिसऱ्या रांगेतून पाहणाऱ्याला जे दिसलं नव्हतं, ते मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून दर प्रयोगाला बघत होते.

"थरथरतात की," मी म्हटलं. "चांगले थरथरतात. पाठीमागं धरलेले असतात ना, मी मागंच उभी असते. एका हातानं दुसरा दाबून धरतात. पुढं आणतात तोवर थरथर आवरलेली असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही एवढंच."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "खरं सांगालीस?"

"मी बायको आहे त्यांची. नाटकातली."

मामांनी चिंधी झटकली आणि पुन्हा पुसायला लागले. मी घरी आले. काही जमलं असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मलाही त्याच गाडीनं मिरजेला जायचं होतं, खात्याचं काम. सकाळी कळलं की मामा चहा न घेताच सायकल घेऊन कुठंतरी गेलेत. स्टेशनवर मामी रडत होत्या, सुनील घड्याळ बघत होता, मी फाटकाकडं. गाडी सुटली तरी मामा आले नाहीत. सुनील माझ्यासमोर खिडकीशी बसला. मी काहीतरी बोलायचं म्हणून मस्कतच्या उकाड्याचं विचारलं. तो म्हणाला, "अक्का, राहू दे. मला सवय हाय."

माझा जीव तुटत होता आणि मामांचा इतका राग आला होता की मिरजेहून परतले की भिंतीपलीकडं तोंड म्हणून दाखवायचं नाही, असं मी ठरवलं.

वाटेत हातकणंगलेला गाडी दोन मिनिटं थांबते. थांबली, आणि मला फलाटावर आधी दिसले कांबळे सर. शर्ट उलटा-सुलटा खोचलेला, अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्याला साबण वाळलेला. आणि त्यांच्यापुढं, डबा शोधत, वाकून खिडक्यांत बघत येणारे दौलूमामा.

मागाहून सरांनी सांगितलं ते असं. साडेसातच्या पुढं ते दाढी करत असताना मामा उचगावात दारात उभे. "सर, शेवटचा प्रवेश एकदा करून दावा की. माझा ठोका चुकतोय." सरांनी तोंडाला साबण असतानाच करून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग विचारलं, कशासाठी हे? मामांनी सांगितलं. सरांनी विचारलं, गाडी किती वाजता? मामा म्हणाले, आठला. घड्याळात आठला पाच कमी. कोल्हापूर स्टेशन गाठणं शक्यच नव्हतं. नेमकं काम करायच्या नादात हा माणूस गाडीच चुकवून बसला होता. सरांनी साबण पुसायचाही वेळ घेतला नाही, स्कूटर काढली आणि थेट हातकणंगले.

मी सुनीलला दाराशी ढकललं. मामा समोर आले. दम लागलेला. हात पाठीमागं. सुनीलला काही कळेना. त्यानं तर नाटक पाहिलेलंच नव्हतं. मग मामांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. ते हात असे थरथरत होते की फलाटावरच्या चहावाल्यालाही दिसावेत.

सुनीलला वाटलं बाप पाणी मागतोय. धाप लागली होती ना. त्यानं आपल्या पाण्याची बाटली त्या हातांवर ठेवली.

"बाटली न्हवं रं," मामा म्हणाले. "हात. हात दे तुझं."

बाटली सरांनी घेतली. सुनीलनं हात दिले. मामांनी ते आपल्या तळव्यांत धरले आणि मी सवयीनं मोजायला लागले. नऊ झाले. बारा झाले. गाडीनं शिट्टी दिली. मामा म्हणाले, "त्या दिशी मशीनवर काय बी न्हवतं. म्या खोटं बोललो."

"मला म्हाईत हाय, आप्पा," सुनील म्हणाला. "मला दिसत हुतं."

गाडी हलली. मामा हात न सोडता चालायला लागले. सरांना मागून त्यांचा सदरा धरून ओढावं लागलं तेव्हा सुटले. मग मामांनी आपली बोटं ओठांना लावली, आणि दारात उभ्या सुनीलनंही काही न विचारता तसंच केलं. मी आकडे मोजायचे कधीच थांबवले होते. मिरज येईपर्यंत सुनील दारातच उभा होता आणि मी माझ्या जागेवर बसून रुमाल पिळत होते. इतकं हलकं मला परीक्षेचा निकाल लागल्यावरही वाटलं नव्हतं. मग ध्यानात आलं की सरांच्या अर्ध्या दाढीबद्दल मामा एक अक्षर बोलले नव्हते.

त्या शुक्रवारी फोन वाजला. मामी पळत आल्या, मागोमाग मामा कट्ट्यावर. आणि मामींनी रिसीव्हर बाहेर धरला तसे ते चपला काढून आत आले. काय बोलले ते सांगत नाही. खात्याची शिस्त आहे, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं. नव्या व्हर्नियरचे सेल कुठं मिळतात एवढं मात्र कानावर पडलं.

पुढच्या महिन्यात नाटकाचा तेविसावा प्रयोग होता, कोल्हापुरातच. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत उजव्या टोकाला कुणी दुसराच बसला होता. मला वाटलं, संपलं. आता कशाला येतील. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

प्रयोग संपला. मी अंबाडा सोडत होते तेवढ्यात रंगपटाच्या दारात मामा. मधल्या रांगेत बसले होते म्हणे, मामींच्या शेजारी, सगळं नाटक जागं राहून. सर दाढी उतरवत होते. त्यांनी आरशातून विचारलं, "काय मामा, किती झाले आज?"

"मोजलं न्हाय," मामा म्हणाले. ते सरांच्या खुर्चीमागून पुढं आले आणि माझ्यासमोर थांबले. मला जरा निरखून बघितलं, लेथवरनं उतरवलेला जॉब बघावा तसं.

"सुमन," ते म्हणाले, "तू बी हायस की गं ह्या नाटकात."

मी दोन्ही हात पुढं केले.